बोर्डामागची जागा

वायरमनने भिंतीवरचा काळा चौकोन नखाने खरवडला, नखावर फुंकर मारली आणि म्हणाला, "इथे आता लाकूड चालणार नाही, मिस्त्री."

सुतार काही बोलला नाही. जन्मभर लाकडात हात घातलेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे कुंभाराला मातीला शिवू नकोस म्हणण्यासारखं. पण तो गप्प राहिला ते त्यासाठी नाही. त्याची बायको दारात उभी होती. तो का गप्प आहे ते आपल्याला कळतं, असं तिला वाटत होतं.

घर सुताराच्या धाकट्या बहिणीचं होतं. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ओटा. नवरा लवकर गेला तेव्हापासून ती शिवणकामावर राहिली होती, ती आणि तिची मुलगी. हिवाळा सरता सरता एका दुपारी मीटरचा बोर्ड पेटला. अंगात ताप म्हणून ती गोळी घेऊन, आतून कडी लावून झोपली होती. मुलगी शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. आग तशी मोठी नव्हतीच. बोर्ड, त्याखालचं कापडाचं कपाट आणि छताचे दोन वासे. जाळ तिच्या खाटेपर्यंत पोचलाही नाही. तिला धुराने नेलं.

सुतार धावत आला तेव्हा दार बंद होतं. ते त्यानेच केलेलं. बहिणीचं दार म्हणून जाड फळ्यांचं, तीन बिजागऱ्यांचं. चांगलं केलेलं. कुऱ्हाडीने फोडायला फार वेळ लागला.

"वीज ऑफिसचा कागद स्पष्ट आहे," वायरमन सांगत होता. "न जळणारा बोर्ड बसवा, फोटो द्या, मग मीटर. शेतातले पंप चालू झालेत, व्होल्टेज माकडासारखं उड्या मारतंय. उन्हाळाभर हे असंच."

"कधीपर्यंत होईल?" भाचीने विचारलं. ती आईच्या मशीनवर हात ठेवून उभी होती. मशीन वाचलं होतं, नुसतं काजळलं होतं. तिने ते तीनदा पुसलं तरी बोटं काळी व्हायचीच.

"तुझा मामा बोर्ड देईल त्याच्या दुसऱ्या दिवशी."

एकोणीस वर्षांची पोर. दोन महिने मामाकडे राहत होती आणि त्या दोन महिन्यांत तिने एकदाही पहिली पोळी स्वतःच्या ताटात घेतली नव्हती. शाळा उघडायच्या आत गणवेश शिवून द्यायचं काम तिने अंगावर घेतलं होतं, मशीनला मोटर लावून, आईच्या खोलीत बसून. "मामी, आईची गिऱ्हाईकं अजून दारावरून जाताना थांबतात," एवढंच ती म्हणाली होती.

वायरमनने खिशातून टेस्टर काढला आणि भिंतीतल्या एका जळक्या भोकात घातला. तिथे पूर्वी स्क्रू धरायला ठोकलेली लाकडी गिट्टी होती. भोकातून काळं, तंतूसारखं काहीतरी टेस्टरला चिकटून बाहेर आलं.

"स्क्रू ढिला असणार, तापला, ठिणगी पडली. ते कुठेही होतं," तो म्हणाला. "पण ठिणगीचं पोट केवढंसं असतं, मिस्त्री. तिला खायला कुणी घातलं? बोर्डामागे काय होतं?"

भाची मशीनच्या चाकाकडे बघत होती.

"कोळिष्टक असेल," सुतार म्हणाला.

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. हा माणूस एक सूत कमी भरलं तर गिऱ्हाईक जाण्याआधी स्वतः सांगायचा. त्याला खोटं बोलताना तिने पहिल्यांदाच ऐकलं.

* * *

बोर्डामागे काय होतं ते तिला ठाऊक होतं, कारण ती कल्पनाच तिची होती.

गावात वीज आली तेव्हा मीटरखालचा लाकडी बोर्ड करायचा मान सुताराकडे आला. साग रंधून काचेसारखा करायचा, जवसाचं तेल तीनदा जिरवायचं, कडेला बारीक गोलाई द्यायची. भिंती वेड्यावाकड्या, म्हणून बोर्ड गिट्ट्यांवर दोन बोटं पुढे बसायचा. त्या दोन बोटांच्या फटीत गांधीलमाश्यांनी घरं केली. बटण दाबायला गेलेल्या मास्तरांच्या वडिलांचा हात मनगटापर्यंत सुजला. म्हातारा आठ दिवस डाव्या हाताने जेवला आणि वीज आणणाऱ्या सगळ्यांना शिव्या देत राहिला.

तेव्हा सुतारीण म्हणाली होती, "फट बुजवून टाका की. कारखान्यात छिलपे पडलेत, वन्संकडे चिंध्यांचं पोतं भरलंय. ठासून भरा, माशीला काय, मुंगीलाही जागा राहणार नाही."

नणंद हसली होती. "वहिनीचं डोकं म्हणजे सोनं आहे. माझ्या चिंध्या एकदाच्या घराबाहेर जातील."

मग ती रीतच पडली. गावात चाळीसेक बोर्ड, प्रत्येकाच्या मागे सुताराचे छिलपे आणि नणंदेच्या चिंध्या. लोक कौतुक करायचे. नवा बोर्ड बसवायला सुतार निघाला की सुतारीण चिंध्यांची पिशवी हातात द्यायची, जशी शेतावर जाणाऱ्याला भाकरी द्यावी तशी.

आता ती दुपारी स्वयंपाकघरात बसली की तिला ती पिशवी दिसायची. हाताला तिचं वजनसुद्धा आठवायचं. वजन काहीच नव्हतं तिला.

आणि दुपारी आणखी एक व्हायचं. दोन वाजले, ऊन ओसरीवर चढलं, की बहिणीच्या बंद घरातून मशीनचा आवाज यायचा. टक-टक-टक, मग थांबायचा, जशी ती दोरा तोडायला थांबे, मग पुन्हा. घर तीन दारं पलीकडे. कुलूप लावलेलं. मोटर काढून ठेवलेली.

सुतार रंधा थांबवायचा. "ऐकलंस?"

"काय?"

"काही नाही."

"वारा असेल," ती म्हणायची. झाडाचं पान हलत नसायचं. तिलाही आवाज यायचा, रोज यायचा, पण हो म्हटलं तर तो हातातलं काम टाकून जाईल आणि त्या दारासमोर उभा राहील, आणि मग त्याला तिथून कोण आणणार? म्हणून ती नाही म्हणायची आणि तांदूळ निवडायची. एकदा तिने निवडलेले खडेच भांड्यात टाकले आणि तांदूळ फेकला.

* * *

तालुक्याच्या बाजारात प्लायवाल्याचं दुकान होतं. दुकानदार जाडजूड, बोलका, आपला प्रत्येक माल म्हणजे आपलं पोटचं पोर असल्यासारखा दाखवणारा.

"हा घ्या. वॉटरप्रूफ. पाण्यात महिनाभर ठेवा."

"मला पाण्याची भीती नाही," सुतार म्हणाला.

"मग हे प्लास्टिक. हलकं, दिसायला संगमरवर."

सुताराने तुकडा दाताखाली दाबून पाहिला. "हा वितळेल."

"वितळतो, पण पेटत नाही हो लवकर."

"लवकर म्हणजे किती?"

दुकानदाराने सुतारणीकडे पाहिलं. गिऱ्हाईक तऱ्हेवाईक निघालं की तो बायकोकडे बघायचा, बहुतेक वेळा तिथून मदत मिळायची. इथे मिळाली नाही. ती म्हणाली, "ते विचारतात त्याचं उत्तर द्या, भाऊ."

"मग असं करा," तो जरा नरमला. "ही फायरची प्लाय. मसाला पाजलेली असते, उशिरा पेटते. ही तपकिरी शीट, जुन्या स्विचच्या जातीची. आणि ही," त्याने मागून एक राखाडी तुकडा ओढून काढला, "सिमेंटची. ना रेषा ना रंग. कुणी मागत नाही. घरात लावायला शोभत नाही ना."

सुताराने राखाडी तुकड्यावर अंगठा फिरवला. अंगठा रेषा शोधत होता. लाकडात कुठून कुठे गेलं ते बोटाला कळतं, इथे सगळीकडे तेच. त्याने अंगठा धोतराला पुसला.

"सगळ्यांचे हातभर तुकडे द्या," तो म्हणाला.

"चाखून बघणार आहात काय?"

"हो."

बसमध्ये तुकडे मांडीवर घेऊन तो बसला. सुतारीण खिडकीकडे तोंड करून बसली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "तुला काही सांगायचंय." आणि मग, "राहू दे. घरी गेल्यावर." घरी गेल्यावर त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, कारण तिलाही त्याला काही सांगायचं होतं, आणि एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला मिटून बसता आलं नसतं.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगणात दोन विटा उभ्या केल्या. जुना रंग जाळून काढायचा रॉकेलचा दिवा होता, तो पंप मारून पेटवला. निळा जाळ सुं-सुं करत बाहेर आला. सुतारीण पाण्याची बादली घेऊन जवळ बसली.

"मोज," तो म्हणाला.

तिने मोजलं. वॉटरप्रूफ तेराला पेटला. प्लास्टिक सहाव्याला वाकलं, मग खाली ठिबकायला लागलं, आणि जिथे थेंब पडला तिथे विटेवर धूर निघत राहिला. वासाने दोघांचे डोळे झोंबले. मसाला पाजलेल्या प्लायने बराच वेळ तग धरला. काळी पडली, फुगली, आणि शेवटी कडेला एक पिवळी जीभ आली. दिवा काढला तशी विझलीही. तपकिरी शीटचे पापुद्रे सुटले आणि जळक्या केसांसारखी दुर्गंधी सुटली.

मग राखाडी. तिने शंभर मोजले. दोनशे मोजले. घसा कोरडा पडला. मधे लाल ठिपका उमटला, तेवढंच. दिवा बाजूला केल्यावर ठिपका विझला आणि एक बारीक तडा राहिला.

"ही," ती म्हणाली. "झालं ना?"

"अजून एक आहे."

तो कारखान्यात गेला आणि सागाची एक फळी घेऊन आला. तेल पाजलेली, कडेला गोलाई दिलेली. त्याचा जुना बोर्ड, कुणी न नेलेला. फळी त्याने उलटी धरली. मागे छिलपे आणि चिंध्या ठासून, वर चार पट्ट्या ठोकल्या होत्या. चिंध्यांमध्ये एक निळी ठिपक्यांची होती. नणंदेच्या पोत्यातली.

"अहो, नको," ती म्हणाली.

"मोज."

"हे मला दाखवायला करताय?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "तुला? तुला कशाला? मला बघायचंय मी काय केलं ते. तेल मी पाजलं. फट मी ठेवली. दार मी केलं."

"आणि चिंध्या मी दिल्या," ती म्हणाली. "कल्पना कोणाची होती?"

"बोर्ड बसवले कुणी?"

अंगणात दोन म्हातारे होऊ घातलेले जीव, पाप माझं का तुझं म्हणून ओढाताण करत होते. एरवी घरातला मोठा तांब्या कुणी हरवला यावर दोघांची अशीच जुंपायची, फक्त दिशा उलटी असायची.

त्याने दिवा जवळ नेला. तिने मोजलं नाही, पण आकडे आतल्या आत चालूच राहिले. चारला चिंधी काळी झाली. सहाला छिलपे भडकले. नऊला जाळ फळीच्या वर, माणसाच्या डोक्याएवढा उठला, आणि तेल पाजलेला साग असा पेटला जसा कित्येक वर्षं त्यासाठीच थांबला होता.

"पाणी टाका," मागून आवाज आला.

भाची फाटकात उभी होती. हातात दुकानातून आणलेली दोऱ्याची रिळं होती. दोघंही जागचे हलले नाहीत, तेव्हा तीच पुढे आली, रिळं खाली ठेवली, बादली उचलून जाळावर ओतली. वाफ उठली. ओल्या जळक्या कापडाचा वास अंगणभर झाला. तो वास तिघांनाही ओळखीचा होता.

"आमच्या बोर्डामागे मी भरलं होतं," भाची म्हणाली.

"तू केवढीशी होतीस," मामी म्हणाली.

"पाच वर्षांची. मामाचा हात फटीत जात नव्हता, माझा जायचा. आई एकेक चिंधी द्यायची आणि मी फुटपट्टीने आत ढकलायची. मला मजा वाटायची. नंतरही मी भरायची. आई नको म्हणायची, तरी. कपडे शिवून झाले की उरलेलं मी तिथेच खुपसायची, केर काढायला नको म्हणून." तिने रिकामी बादली खाली ठेवली. "त्या दिवशी सकाळीसुद्धा. एक पांढरी अस्तराची."

तिचा आवाज अगदी सपाट होता, कपड्याचं माप सांगावं तसा.

"तो वायरमन विचारत होता तेव्हा मला वाटलं, मामाला कळलं. मामा मला सांभाळून घेण्यासाठी कोळिष्टक म्हणाला."

सुतार विटेवर बसला. दिवा अजून सुं-सुं करत होता. सुतारणीने तो काढून घेतला, चावी फिरवली, आणि एकदम इतकं शांत झालं की ओल्या फळीतून पाणी ठिबकलेलं ऐकू येत होतं.

"तू नंतरही भरायचीस ते मला माहीत नव्हतं, बाळा," तो म्हणाला. "मी माझ्यासाठी खोटं बोललो."

कोणी कोणाला जवळ घेतलं नाही. त्यांच्या घरात ती सवय नव्हती. मामीने खाली पडलेली रिळं उचलली, पदराने पुसली, रंगाप्रमाणे लावून भाचीच्या हातात दिली. देताना तिचा हात पोरीच्या हातावर जरा जास्त वेळ राहिला.

मग सुतार म्हणाला, "चाळीस घरं आहेत."

* * *

पहिला राखाडी बोर्ड त्याने मोडला. सवयीने खिळा घेतला, हातोडी मारली आणि कोपरा बिस्किटासारखा तुटून पायावर पडला. त्याने बोर्डाला शिवी दिली, मग स्वतःला. दुसऱ्या वेळी पाणी शिंपडून, नाकाला ओला रुमाल बांधून कापला. करवतीचे दात जात होते, दर दोन हातांना कानस लावावी लागत होती. भोकं पाडताना खाली लाकडाचा ठोकळा, आधी गिरमिटाची बारीक सुई, मग जाड. भाची दुसरं टोक धरायची. पांढरी धूळ दोघांच्या भुवयांवर बसली. सुतारीण म्हणाली, "एकाच सकाळी मामा-भाची म्हातारे झालात."

वायरमनने पिशवीच्या तळातून चिनी मातीच्या चार पांढऱ्या गोट्या आणल्या, मधे भोक असलेल्या. जुन्या काळच्या, आता कुणी वापरत नाही. बोर्ड भिंतीपासून त्यांच्यावर उभा राहिला. मागे दोन बोटं जागा, वरून खालून उघडी.

"बुजवू नका," वायरमन म्हणाला. "गरम हवा जाऊ दे. मोकळं म्हणजे मोकळं."

त्याने स्क्रू आवळले. त्याचं झाल्यावर भाचीने त्याच्या हातातला पेचकस मागून घेतला आणि एकेक स्क्रू पुन्हा स्वतः आवळून पाहिला. वायरमनला राग आला नाही. "सहा महिन्यांनी पुन्हा बघ," म्हणाला. "मला बोलाव, तू एकटी नको. मेन बंद करून."

मग तिने बोर्डामागे हात घातला. मनगटापर्यंतच गेला. आता तो लहान मुलीचा हात नव्हता. तिने बोटं इकडून तिकडे फिरवली.

"काही नाही," ती म्हणाली.

* * *

मास्तरांच्या घरी दार मास्तरांनीच उघडलं. सुतार हातात पोतं घेऊन उभा, मागे बायको, तिच्या मागे भाची.

"मी बसवलेला बोर्ड काढायला आलोय," सुतार म्हणाला. "त्याच्या मागे जे भरलंय त्याने माझी बहीण गेली."

मास्तर चष्म्यातून बघत राहिले. "अरे, पंधरा वर्षं झाली. आमच्याकडे काही झालं नाही."

"तिच्याकडे चौदा वर्षं काही झालं नव्हतं."

मास्तर दारातून बाजूला झाले.

चाळीस घरांत चाळीस वेळा तेच वाक्य. वायरमन पुढे जाऊन वीज बंद करायचा, हे तिघं मागून जाऊन जुना बोर्ड काढायचे आणि जागी राखाडी बसवायचे. काहींनी पाणी विचारलं. काहींनी "बरं झालं सांगितलंत" म्हटलं आणि मागे वळताच कुजबूज केली. एकीने तोंडावर सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या हातची खाटसुद्धा आता अंगणात ठेवते मी." सुताराने ऐकून घेतलं, तिच्या बोर्डाचे स्क्रू काढले, आणि जाताना तिच्या खाटेचा लचकलेला पायही ठीक करून दिला. न सांगता.

चिंध्या बाहेर यायच्या तेव्हा भाची त्या हातात घेऊन बघायची. उजेड न लागल्यामुळे रंग तसेच होते. मास्तरांच्या भिंतीतून तिच्या पहिल्या फ्रॉकचा पिवळा काठ निघाला. दुकानवाल्याच्या भिंतीतून आईच्या हातची अर्धी शिवलेली बाही, चुकली म्हणून टाकलेली, त्यावर खडूची खूण अजून होती. आई गावभर भिंतींमध्ये बसून राहिली होती, असं मामीला वाटलं, पण ती बोलली नाही. सगळी पोती भरल्यावर त्यांनी ती पाण्याच्या हौदात बुडवली, भिजून जड झाल्यावर मागच्या परसात खड्डा केला आणि पुरली. खडूची खूण असलेली बाही मात्र खड्ड्यात पडली नाही. ती कुणी ठेवून घेतली ते मामीने विचारलं नाही.

वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं तेव्हा मीटर लागलं. भाची तिच्या घरी राहायला गेली. तिथे पोचल्यावर मामीने दाराकडे बोट दाखवलं. सुताराने नवं दार केलं होतं, हलकं, एका कडीचं, आणि ती कडी बाहेरून पट्टी घालून उचलता येईल अशी.

दोन दिवसांनी सुतारीण डबा घेऊन गेली, तर एक गांधीलमाशी बोर्डाभोवती फिरत होती. खालून आत गेली, वरून बाहेर आली. मामीचा हात आपोआप फडक्याकडे गेला.

"राहू दे, मामी," भाची मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "मी बटण काठीने दाबते."

त्या दुपारी सुतार कारखान्यात रंधत होता. सुतारीण ओसरीवर तांदूळ निवडत होती. दोन वाजले. तीन दारं पलीकडून आवाज आला. टक-टक-टक.

सुताराने रंधा थांबवला. कपाळावरून घाम डोळ्यात गेला तरी पुसला नाही.

"ऐकलंस?"

तिने सूप खाली ठेवलं.

"हो," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून येत होता."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागावला असता तरी चाललं असतं तिला. तो रागावला नाही.

तेवढ्यात आवाज थांबला.

दोघं तशीच राहिली, त्याचा हात रंध्यावर, तिचा सुपाच्या कडेवर. दोरा तुटला असेल. सुई बदलत असेल. ऊन जागचं हललं नाही. तिने आतल्या आत मोजायला सुरुवात केली. चार. सहा. नऊ झाले. नऊच्या पुढे जायला तिला भीती वाटली, तरी तिने मोजलं.

तेराला मशीन पुन्हा सुरू झालं.

सुताराने रंधा पुढे ढकलला. लांब, पातळ, सलग छिलपा निघाला आणि गुंडाळत खाली पडला. त्याने तो उचलला आणि दाराबाहेरच्या पाण्याच्या बादलीत टाकला.